आमच्या टेकडीवरची पक्षशाखा : काम होतं, पण पोच मागून घ्या

भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या पुढे चढ लागतो, त्या अंगाला आम्ही राहतो. गल्लीच्या तोंडाशी एका पक्षाची शाखा आहे. लोक हॉटेलबद्दल लिहितात, दवाखान्याबद्दल लिहितात, केबलवाल्याबद्दलही लिहितात. मग पाण्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत ज्या जागेची पायरी आपण चढतो, तिच्याबद्दल कुणीच का लिहीत नाही? म्हणून मी लिहायला घेतलं. पक्षाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव वाचलं की अर्ध्या वाचकांचं मत तिथेच ठरतं, आणि मला बोलायचंय ते कामाबद्दल.

माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेला कागद रजिस्टरला चढवायचा, नंबर टाकायचा, शिक्का मारून पोच द्यायची. निवृत्त झाल्यावर चाळ कमिटीची सेक्रेटरी झाले आणि शाखेत जाणंयेणं वाढलं. तेव्हा हा अभिप्राय त्या नजरेचा आहे, हे आधीच सांगते. कुणाला मी कागदाला फार चिकटते असं वाटेल. वाटू दे. टेकडीवरच्या माणसाकडे कागदाशिवाय दुसरं आहे काय?

जागा छोटी. पत्र्याचं छप्पर, आत एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, नेत्यांचे फोटो, कोपऱ्यात गणपतीच्या वर्गणीची पेटी. बाहेर काळा फळा. फळ्यावरचं अक्षर चाळीतल्या एका निवृत्त पेंटरांचं, इतकं वळणदार की शाळेतली मुलं थांबून बघतात. रक्त कुठल्या गटाचं हवंय, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, रेशनिंगच्या केवायसीची मुदत कधी संपते, सगळं त्याच्यावर असतं. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी बसतात, मग कुलूप. खरं काम सुरू होतं संध्याकाळी सातनंतर, आणि रात्री दहापर्यंत कुणी ना कुणी भेटतंच.

ही वेळ हाच शाखेचा पहिला मोठा गुण. महापालिकेच्या एस वॉर्डाचं ऑफिस एल.बी.एस. मार्गावर आहे, पण ते उघडं असतं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका अंधेरीला सीप्झच्या कारखान्यांत नाहीतर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असतात. रजा टाकली की त्या दिवसाचे पैसे गेले. अशा बाईला आठ वाजता घरी जाताना जिथे तक्रार सांगता येते, ती जागा तिच्यासाठी सरकारच आहे. पैसे लागत नाहीत. माझ्याकडे तरी कुणी कधी मागितलेले नाहीत, हेही नोंदवते.

मुंबईत ही पद्धत जुनी. गिरणगावात कम्युनिस्टांच्या चाळ कमिट्या होत्या. 1966 साली शिवसेना स्थापन झाली आणि तिने गल्लीगल्लीत शाखा उघडल्या, पुढे इतर पक्षांनीही तोच मार्ग धरला. गोरेगावातून समाजवादी नेत्या मृणाल गोरे 1961 मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. पक्षाचा स्थानिक कार्यकर्ता आणि नळ यांचं नातं या शहरात असं मुरलेलं आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांच्या घरी बहुधा चोवीस तास पाणी असतं.

आता पाण्याचंच सांगते, कारण शाखेची खरी परीक्षा तिथे झाली.

मुंबईला रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी येतं आणि त्यातलं बरंचसं आमच्या भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं. आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर पहाटे उठून हंडे लावावे लागतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या लाइनला पाणी निम्म्या वेळातच बंद व्हायला लागलं. वरच्या टोकाच्या घरांना तर करंगळीएवढी धार. महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार केली. नंबर मिळाला, आणि काही दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेजही आला. बघायला मात्र कुणी फिरकलं नाही.

मग शाखेत गेलो. टेबलावर जो मुलगा बसतो तो कुरिअर कंपनीत काम करतो, शाखेचं काम रात्री. त्याने पहिला प्रश्न विचारला, "काकी, पाणी तुटतं कुठे? खालच्या वळणावर, की पिंपळापाशी?" हा प्रश्न मला हेल्पलाइनवर कुणी विचारला नव्हता. विचारणार कसा, त्यांना पिंपळ माहीतच नाही.

दुसऱ्या पहाटे तो वही घेऊन गल्लीत हजर. नळ किती वाजता सुरू झाला, पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागला, किती वाजता धार तुटली, असे रकाने त्याने आखून आणले होते. मोबाइलवर वेळ लावून आम्ही बायका खालच्या घरापासून वरपर्यंत एकेका नळाला बादली लावत गेलो. वरच्या घरातल्या मालवणच्या आजी काठी टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाणी खंय गेला रे?" तो म्हणाला, "आजये, तांच बघूक इलंय." मुलगा साताऱ्याकडचा, पण टेकडीवर वाढलेला. खाली मिनिटात भरणारी बादली वळणानंतर चौपट वेळ घेत होती, हे कागदावर दिसलं तेव्हा आम्हालाच धक्का बसला. इतकी वर्षं आम्ही नुसतं "प्रेशर नाही" म्हणत होतो.

तो तक्ता जोडून शाखेच्या लेटरहेडवर पत्र गेलं, जलकामे खात्याच्या सहाय्यक अभियंत्यांना. आम्ही काही बायका सोबत गेलो. "तिकडे प्रेशर बरोबर आहे," असं उत्तर सुरू झालं होतं, तेवढ्यात तक्ता पुढे ठेवला. दोन दिवसांत दुय्यम अभियंता आणि चावीवाला, म्हणजे लाइनचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस, गल्लीत आले. वळणाजवळची चावी पूर्ण उघडत नव्हती, आणि त्याच्याच पुढे कुणीतरी लाइनला थेट पंप लावला होता. चावी बदलली, पंप काढला. वरच्या घरांना अजून पोटभर पाणी मिळतं असं नाही, पण हंडा भरतो.

हे सविस्तर सांगण्याचं कारण आहे. पाण्यासाठी पक्षांचे मोर्चे मी तरुणपणापासून बघते. हंडे वाजवायचे, वॉर्ड ऑफिसच्या दारात मडकी फोडायची, फोटो काढायचे. मोर्चाचं महत्त्व मी कमी करत नाही, कधीकधी त्याशिवाय साहेबलोक खुर्चीतून उठत नाहीत. पण त्या दिवशी अभियंत्यांना उठवलं ते तक्त्याने. स्थानिक समितीला गल्ली माहीत असते आणि अधिकाऱ्याला नियम माहीत असतो. गल्लीची माहिती अधिकाऱ्याला नाकारता येणार नाही अशा रूपात कागदावर आणणं, हे शाखेचं काम. ते तिने त्या वेळी चोख केलं.

आठवड्याने नाक्यावर बॅनर लागला : अमुक साहेबांच्या प्रयत्नांना यश. साहेब त्या पहाटे गल्लीत नव्हते. बादल्या लावणाऱ्या एकाही बाईचं नाव नव्हतं. मी शाखेत जाऊन तोंडावर सांगितलं की हे मला पटलेलं नाही. प्रमुखांनी ऐकून घेतलं, बॅनर मात्र राहिला.

दुसरं मोठं काम दरडीचं, आणि ते थेट राज्य सरकारपर्यंत गेलं. जुलै 2021 मध्ये चेंबूरच्या भारतनगरात आणि आमच्या शेजारी विक्रोळीच्या सूर्यनगरात रात्रीच्या पावसात घरं गाडली गेली, तेव्हापासून पाऊस लागला की आमच्या मागच्या रांगेतले लोक झोपत नाहीत. संरक्षक भिंत हवी. पण टेकडीची जमीन कुठे जिल्हाधिकाऱ्यांची, कुठे वन खात्याची, कुठे खासगी. महापालिका म्हणते जमीन आमची नाही. म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ अशा भिंती बांधतं, पण त्यासाठी आमदारांकडून प्रस्ताव गेला तर हलतं. आमच्यासारख्या चाळ कमिटीने हे सगळं शोधायचं कुठे?

शाखेच्या कमिटीने ठराव केला, तो वरच्या पदाधिकाऱ्यांमार्फत आमदारांच्या ऑफिसात गेला, आणि तिथून मंडळाकडे. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, तो मतदारसंघातल्या किती गल्ल्यांना पुरणार? तेव्हा कुणाची भिंत आधी, हा निर्णय पक्षाच्या खालच्या बैठकांमध्येच होतो, हे मला तेव्हा कळलं. आमच्या भिंतीचा अर्धा तुकडा झाला. उरलेला अर्धा "पुढच्या टप्प्यात" आहे. अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, लावून घेतो असं आश्वासन मिळालं होतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन झालं, मुंबईचं अर्थसंकल्पी अधिवेशनही झालं, प्रश्न लागल्याचा कागद मला कुणी दाखवलेला नाही. भिंत जिथे संपते तिच्या पुढच्या घरात एक बाळंतीण आहे. शाखेला मी हे दर भेटीत सांगते आणि सांगत राहणार.

महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. इतका काळ 227 प्रभागांना नगरसेवक नव्हता. 74 हजार कोटींहून मोठं बजेट प्रशासक चालवत होते आणि गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला हे लोकांना माहीत नव्हतं. त्या दिवसांत शाखा नसती तर आमचे फार हाल झाले असते. माजी नगरसेवकांच्या सहीला वजन उरलं नव्हतं, तरी ही मुलं वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायची. याचं श्रेय मी पूर्ण देते.

आता ज्याने मला खरंच दुखावलं ते.

2024 च्या जुलैत लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले. महिन्याला 1,500 रुपये, आमच्या गल्लीतल्या बाईला ही छोटी रक्कम नाही. शाखेने टेबल टाकलं, मुलांनी रात्री बारापर्यंत बसून फॉर्म भरून दिले. इथवर उत्तम. पण आधार, पासबुक, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स गोळा होऊन एका पिशवीत कोपऱ्यात पडल्या होत्या. कुणाची यादी नाही, कुणाला पावती नाही. त्या पिशवीचं पुढे काय झालं ते मी विचारलं, उत्तर मिळालं नाही. त्यानंतर सगळ्या बायकांच्या मोबाइलवर पक्षाचे मेसेज सुरू झाले. एका शेजारणीचे पैसे अडकले होते. ती विचारायला गेली तर कुणीतरी म्हणालं, "रविवारच्या कार्यक्रमाला या, मग बघू." ती बाई अपमानाने लाल होऊन घरी आली. पैसे सरकारी तिजोरीतले. फॉर्म भरून दिला ही मदत, ती मान्य. पण त्या मदतीच्या बदल्यात बाईने सभेत जाऊन खुर्ची भरायची, हे मी कधीच मान्य करणार नाही. हा आक्षेप मी प्रमुखांकडे लेखी दिला आणि पोच घेतली. ती घेताना टेबलावरच्या मुलाला शिक्का कुठे ठेवलाय ते शोधावं लागलं.

दुसरा दोष याहून खोल आहे. आधीचे प्रमुख एका सकाळी दुसऱ्या पक्षात गेले. जाताना त्यांच्यासोबत तक्रारींची वहीसुद्धा गेली. कुणाची नळजोडणी कुठवर आली, कुणाचा दाखला कुठल्या टेबलावर आहे, सगळं त्या वहीत. नवीन प्रमुख आले ते कोऱ्या पानापासून. आमदार-खासदारांसाठी 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, नगरसेवकांसाठी राज्याचा 1986 चा कायदा आहे. शाखेच्या प्रमुखाला असलं काही लागू नाही. तो पक्षाचा माणूस, उद्या दुसऱ्या पक्षाचा. पण वहीत नावं आमची होती, काम आमचं होतं. ती वही शाखेची, पर्यायाने गल्लीची, असं मी मानते.

मतदार यादीचं काम मात्र शाखा फार नेटाने करते, आणि त्यात तिचा स्वार्थ असला तरी फायदा आपला होतो. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीआधी प्रारूप यादीत दुबार नावांचा गोंधळ गाजला, आमच्याकडे एका घरातली सासू एका केंद्रावर आणि सून दुसऱ्या केंद्रावर, असंही निघालं. मुलांनी घरोघर यादी वाचली. दुरुस्तीसाठी 8 नंबरचा, नवीन नावासाठी 6 नंबरचा फॉर्म, आणि आपल्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, कोण हे त्यांना तोंडपाठ. बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा शाळेतल्या बाई. त्यांच्यावर आधीच ढीगभर काम असतं, तेव्हा ही मदत त्यांनाही हवीच असते.

कमिटीच्या बैठकीला मी आग्रहाने बसून आले. महिन्यातून एकदा होते. विषय तरी किती : गणपतीला कोकणात जाणाऱ्या बसची नावनोंदणी, वह्यावाटप, दहावीच्या मुलांचा सत्कार, मग वरून आलेला आंदोलनाचा आदेश, मग गटार. गटार सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा निम्मे लोक उठलेले. राज्याच्या विषयावर वरून काय बोलायचं ते येतं, पण खालून वर काय गेलं याची कुठेच नोंद नाही. आणि बायका? महिला आघाडी वेगळी, तिची आठवण हळदीकुंकवाला. महापालिकेत 227 पैकी 114 जागा महिलांसाठी राखीव आहेत. मग गल्लीच्या कमिटीत ठराव होताना आम्ही बाहेर चहा का करायचा? पाण्याची वेळ, धार, चावीवाल्याचा फोन, हे सगळं बायकांना माहीत असतं. हा मुद्दा मी तिथे उभं राहून मांडला. दोन बायकांना कमिटीवर घेतलंय. मी स्वतः नाही गेले. मला पक्षाचं सदस्य व्हायचं नाही आणि त्यासाठी मला कुणी भरीसही घातलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

गुण द्यायचे तर गल्लीच्या माहितीला पाचपैकी पाच. वेळेला आणि वागण्याला चार. वर पाठपुरावा करण्याला तीन, अर्धी भिंत झाली म्हणून. नोंद ठेवण्याला एक. बायकांच्या कागदपत्रांची काळजी घेण्याला मी काहीच देत नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. आधी 1916 वर तक्रार नोंदवून तो नंबर घेऊनच शाखेत जा. नंबर असला की शाखेचं पत्र विनंती राहत नाही, प्रलंबित तक्रारीचा पाठपुरावा होतो. दाखले, परवाने अशा कामांना आधी राज्याच्या 2015 च्या सेवा हमी कायद्याखाली किती दिवसांची मुदत आहे ते बघा. मुदत टळली तर अपील तुम्हाला स्वतःला करता येतं, कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही. शाखेकडून जे पत्र जाईल त्याची एक प्रत मागा आणि वॉर्ड ऑफिसचा आवक शिक्का असलेली पोच तुमच्या फाइलला ठेवा. मुलं कधी कधी म्हणतात, "काकी, विश्वास ठेवा ना." विश्वास आहेच. तरी पोच घ्या. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने आडवी लिहा. मूळ कागद टेबलावर सोडून येऊ नका. आणि गटाराची तक्रार असेल तर बैठकीला सुरुवातीलाच जाऊन विषय पहिल्या नंबरला घ्यायला सांगा. मी सांगितलं तेव्हा त्यांनी घेतला.